पेटीचे भाडे

सोनाळ्यात बूट पॉलिश करून पोट भरायचे कुणी मनात आणले, तर गिऱ्हाईक शोधताना त्याचेच जोडे झिजतील. संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव. कपाशीच्या रानात चिखल तुडवणाऱ्या पायांत रबरी नाहीतर प्लास्टिकची चप्पल. चामड्याचा बूट घालणारे मोजकेच: मास्तर, जमादार, बँकेचा साहेब, लग्नातला नवरदेव. त्यातलेही निम्मे घरी डबी-ब्रश ठेवतात. शाळेतल्या पोरांकडूनही आशा नको. २०२३ पासून सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे मिळू लागले, त्यासाठी दर मुलामागे तरतूद १७० रुपयांची. या पैशात चामडे येत नाही आणि जे येते त्याला पॉलिश लागत नाही.

गावगाड्यातल्या चांभाराचे काम मुळात वेगळे होते. वहाणा शिवायच्या, मोटेचे चामडे सांधायचे आणि मोबदला खळ्यावरच्या धान्यात घ्यायचा. पैसे घेऊन दुसऱ्याच्या पायातला बूट चमकवण्याचा धंदा वाढला तो रेल्वेच्या फलाटांवर आणि कचेऱ्यांच्या दारांत. गावाने त्या कामातली माणसे तेवढी पुरवली.

तरी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर बूट पॉलिश अधूनमधून झळकतेच. भरती रखडली की डी.एड., बी.एड. झालेली मुले तहसील किंवा कलेक्टर कचेरीसमोर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे बूट पुसतात. याला ‘बूट पॉलिश आंदोलन’ म्हणतात. गळ्यात पदवीच्या झेरॉक्स, हातात ब्रश, समोर कॅमेरे. मागणी बहुधा रास्त असते, शासनही बहुधा ढिम्म असते, त्यामुळे पोरांवर राग धरण्यात अर्थ नाही. पण शिकूनसवरून आपल्यावर ही पाळी आली, असे जगाला दाखवण्यासाठी ज्याचे काम उसने घेतले, तो माणूस त्याच कचेरीच्या कुंपणाला टेकून बसलेला असू शकतो. त्याच्यावर ही पाळी रोजची आहे. त्याच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही.

दुसरीकडे हेच काम फुकट केले की पुण्य लागते. सोनाळ्याहून शेगाव फार लांब नाही. गजानन महाराज संस्थानात चांगल्या घरचे, कमावते लोक सेवाधारी म्हणून येतात आणि भक्तांच्या चपला सांभाळतात. एक पैसा घेत नाहीत, वर हात जोडून ‘माउली’ म्हणतात. नांदेडला हुजूर साहिबच्या दारात जोडे घेणारे हात कुणाचे आहेत हे विचारायची सोय नसते; गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात लक्षाधीशही फडके घेऊन बसतो. पंजाबचे मुख्यमंत्री राहिलेले सुरजितसिंग बर्नाला यांना १९८८ मध्ये शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, अकाल तख्ताने, जी धार्मिक शिक्षा दिली, तिच्यात भाविकांचे जोडे साफ करणेही होते. बर्नालांनी ती भोगली आणि पुढे ते केंद्रात मंत्री झाले, राज्यपालही झाले. जोडे पुसल्याने त्यांचे काही गेले नाही.

जोडा पुसला की अहंकार गळतो, अशी यामागची धारणा. ठीक आहे. मग जन्मभर जोडेच पुसणाऱ्याला आपण निदान अहो-जाहो तरी करायला हवे होते. आपण त्याला ‘ए’ म्हणतो. पन्नाशी उलटलेल्या माणसापुढे वीस वर्षांचा पोरगा पाय ठेवतो आणि हातातल्या मोबाइलवरून नजर न काढता म्हणतो, “वीस रुपये? लयच सांगून रायला तू.” हाच पोरगा शेगावला चपला ठेवताना सेवाधाऱ्याच्या पाया पडतो. घाण दोन्हीकडे सारखीच, चामडे तेच. फरक दोनच गोष्टींचा. इथे पैसे मागितले जातात, आणि पेटीमागे बसलेल्याची जात गिऱ्हाइकाने न विचारताच ठरवलेली असते.

वीस रुपयांत काय काय येते ते एकदा मोबाइल खिशात घालून बघावे. आधी नाडी आत खोचली जाते, मग मोज्याला डाग लागू नये म्हणून बुटाच्या कडेने पुठ्ठ्याचे दोन तुकडे सरकवले जातात. आपल्याकडची काळी माती तळव्याच्या शिवणीत बसली की दगडासारखी होते. ती टोकदार पट्टीने कोरून काढावी लागते, नाहीतर वरचे पॉलिश दोन पावलांत फुकट. कोरडा ब्रश, ओला बोळा, मग डबीतले पॉलिश. ते टाचेकडे जास्त आणि घडीवर कमी, कारण घडीत साचलेले पॉलिश तडकते. थोडे मुरू द्यायचे, मऊ ब्रश जोरात चालवायचा, शेवटी मखमलीचे फडके दोन्ही हातांत ताणून फिरवायचे. मग ब्रशाची मूठ पेटीवर दोनदा टकटक वाजते, म्हणजे दुसरा पाय ठेवा. एवढ्या वेळात एक शब्द बोलावा लागत नाही. इतकी मुकाट शिस्त आपल्या कितीशा कचेऱ्यांत आहे?

कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर, त्याचे हे दुर्लक्षही जुने आहे. १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचे छायाचित्र घेतले. त्या काळी एका चित्राला काही मिनिटे लागत, म्हणून चालती माणसे आणि धावत्या घोडागाड्या त्यात उमटल्याच नाहीत. गजबजलेला रस्ता ओस दिसतो. उमटला तो एकटा, बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला गृहस्थ. छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून तो आजही दाखवला जातो. त्याच्या पायाशी बसलेल्याचे हात सतत हलत होते. तो पुसट डाग होऊन राहिला आहे.

सरकारला हा डाग दिसत नाही असे म्हणता येणार नाही. मुंबईच्या लोकल स्थानकांवर पॉलिशवाल्यांच्या सहकारी सोसायट्या आहेत आणि रेल्वे त्यांच्याकडून परवान्याचे पैसे नेमाने घेते. राज्यात संत रोहिदासांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ १९७४ पासून आहे. समाजकल्याण खात्याची गटई कामगारांना, म्हणजे रस्त्याकडेला बसून चामड्याचे काम करणाऱ्यांना, शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल देण्याची योजनाही आहे. योजना चांगली, पण अटी वाचाव्यात. वर्षानुवर्षे छापली गेलेली उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागासाठी वर्षाला ४० हजार, म्हणजे दिवसाला एकशे दहा रुपयांच्या आसपास. याहून जास्त कमावणारा सरकारी हिशेबाने स्टॉल मागण्याइतका गरीब नाही. आणि खरी मेख जागेच्या अटीत आहे. स्टॉल जिथे ठेवायचा ती जागा ग्रामपंचायतीने किंवा पालिकेने भाड्याने, कराराने नाहीतर मोफत, पण अधिकृतपणे अर्जदाराच्या ताब्यात दिलेली हवी. ज्याला रस्त्याच्या कडेला पोते अंथरायलाही कुणी हक्काने देत नाही, त्याने जागेचा कागद आणायचा. मग अतिक्रमण हटवायची गाडी आली की पहिली पेटी याचीच उचलली जाते, कारण ती हलकी असते.

हा धंदा फार काळ टिकेल अशा भ्रमात कुणी राहू नये. ब्रिटनमध्ये किवी पॉलिश विकणाऱ्या कंपनीनेच २०२३ च्या सुमारास तिथून काढता पाय घेतला, कारण लोक स्पोर्ट शूज घालून कामावर जाऊ लागले. आपल्याकडेही तेच चालले आहे. पेटीवाल्याच्या मुलाने हा ब्रश हातात धरू नये, हे त्यालाही हवेच असेल. पण आज जे बसलेले आहेत त्यांना एक ठराव पुरेसा आहे. एसटी थांब्याजवळची किंवा बाजारातली पाच बाय चार फुटांची जागा, अधिकृत, सही-शिक्क्यासह. त्याला मंत्रालय लागत नाही, ग्रामपंचायतीची एक मासिक सभा लागते.

आणि पुढचे बूट पॉलिश आंदोलन ठरलेच असेल, तर पेटी ज्याची मागून आणाल त्याला तिचे दिवसाचे भाडे आणि त्याचा बुडालेला धंदा, दोन्हींचे पैसे घोषणा सुरू व्हायच्या आधी मोजून द्या. घासाघीस न करता.