१९१३ च्या आधीची चोरी माफ?



बांध कोरणारा शेजारी आपल्याला नवा नाही. दरवर्षी नांगराचे एक तास इकडे सरकवतो आणि विचारायला गेले तर म्हणतो, "मोजणी आणा." आज आम्ही ज्या शेजाऱ्याची हकिकत सांगणार आहोत, त्याने बांध नव्हे, नद्याच ओलांडल्या. एक नदी पचली की दुसरी. आणि मोजणीची वेळ आली तेव्हा कायदा म्हणाला, अमुक तारखेच्या आधीचे काही विचारायचे नाही!

हकिकत दक्षिण आफ्रिकेतल्या पूर्व केपची आहे. तिथले खोसा लोक ज्वारी-मका पिकवणारे, गुरे राखणारे. गुरे हीच त्यांची तिजोरी. लग्नाची देवाणघेवाणही गुरांतच. इंग्रजाने १७९५ साली आणि पुन्हा १८०६ साली केप ताब्यात घेतले, आणि बोअर गोऱ्यांचे खोसांशी चाललेले सरहद्दीचे भांडण त्याने तोफांसकट आपल्या अंगावर घेतले. १७७९ ते १८७९ या शंभर वर्षांत तिथे नऊ लढाया झाल्या. पुस्तकात त्यांना 'सरहद्दीच्या लढाया' म्हणतात. आम्ही विचारतो, सरहद्द कोणाची? जी दर लढाईनंतर एकाच बाजूला सरकते, तिला सरहद्द म्हणत नाहीत, घुसखोरी म्हणतात.

हिशेब मांडून पाहा.

१८१२ साली कर्नल ग्रॅहॅमच्या फौजेने फिश नदीच्या पश्चिमेकडून सुमारे २० हजार खोसा हुसकावले. उभी पिके तुडवली, घरे जाळली, गुरे हाकून नेली. पीक हातात यायच्या दिवसांत माणूस हलवला की तो परत येत नाही, हे साहेबाला पक्के ठाऊक होते. तिथे जे लष्करी ठाणे उठले, त्याला त्याच कर्नलचे नाव दिले: ग्रॅहॅम्सटाऊन.

१८१८ साली इंग्रज फौज नदी ओलांडून गेली आणि २३ हजार गुरे घेऊन आली. दावणी रिकाम्या झाल्यावर माणूस गप्प कसा बसेल? २२ एप्रिल १८१९ रोजी मखांडा या पुढाऱ्याने हजारो माणसे घेऊन भरदिवसा ग्रॅहॅम्सटाऊनवर चाल केली. बंदुका-तोफांपुढे भाले हरले. आपल्या लोकांचे हाल थांबावेत म्हणून मखांडा स्वतः होऊन स्वाधीन झाला. त्याला रॉबेन बेटावर टाकले. तिथून निसटताना तो समुद्रात बुडाला.

मग साहेबाने काय केले? फिश आणि केइस्कामा या दोन नद्यांमधला मुलूख काढून घेतला. कोणाकडून? ज्या न्गीका राजाची बाजू घेऊन तो लढायला आला होता, त्याच्याचकडून! शत्रूची गुरे गेली, मित्राची जमीन गेली. आणि १८२० साली इंग्लंडहून सुमारे ४ हजार माणसे आणून फिशच्या अलीकडच्या रिकाम्या केलेल्या रानात शंभर-शंभर एकरांवर बसवली.

१८३५ साली हिंत्सा राजा बोलणी करायला, सुरक्षिततेचा शब्द घेऊन, इंग्रज छावणीत आला. त्याला अडकवून ठेवले आणि ५० हजार गुरे मागितली. निसटायला गेला तेव्हा गोळी घातली आणि प्रेताची विटंबना केली. शब्दाची किंमत एवढी!

१८५३ साली युरोपातून आलेल्या गुरांबरोबर फुफ्फुसाचा रोग आला. खोसांची जनावरे पटापट मरू लागली. जमीन गेलेली, लढाई हरलेली, गोठ्यात मरण. अशा वेळी नोंगकावुसे नावाच्या पोरीला दृष्टांत झाला: उरलेली गुरे मारा, पेरणी करू नका, पूर्वज उठतील आणि नवी निरोगी गुरे येतील. १८५६-५७ मध्ये लोकांनी सुमारे ४ लाख गुरे मारली. सुमारे ४० हजार माणसे उपासमारीने मेली. शहाणे लोक आजही यावर हसतात, 'अडाणीपणा' म्हणतात. आम्हाला हसू येत नाही. शेतकरी स्वतःच्या हाताने दावणीची गुरे मारतो, तेव्हा त्याच्या बाकी सगळ्या वाटा कोणीतरी बंद केलेल्या असतात. गव्हर्नर जॉर्ज ग्रे तर संधीच शोधत होता. भुकेल्यांना अन्न हवे तर गोऱ्यांच्या शेतावर मजुरीचा करार करा, अशी त्याची अट. हजारो लोक वसाहतीत मजूर झाले, त्यांचे रान गोऱ्यांना वाटले. आणि १८५७ साली इकडे उठाव झाला तेव्हा केपमधल्या पलटणी हिंदुस्थानात धाडणारा हाच तो ग्रे.

पुढचे काम कागदाने केले. १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्याने सिसिल ऱ्होड्सने जमिनीचे लहान तुकडे पाडले आणि बाहेर मजुरीला न जाणाऱ्यावर दहा शिलिंगांचा कर ठेवला. १९१३ च्या कायद्याने काळ्यांसाठी देशाची सुमारे ७ टक्के जमीन ठेवली आणि बाकीच्या जमिनीत खरेदीला बंदी केली.

आता मुद्दा ऐका. १९९४ साली गोऱ्यांचे राज्य गेले. जमीन परत मागण्याचा कायदा झाला, १९९६ च्या राज्यघटनेतही तो हक्क आला. पण कोणासाठी? ज्याची जमीन १९ जून १९१३ नंतर वर्णभेदी कायद्याने गेली त्याच्यासाठी. म्हणजे कायद्याने लुटलेला दाद मागू शकतो, तोफेने लुटलेला नाही! १८१२, १८१९, १८५७ हे सगळे हिशेबाबाहेर.

समर्थक म्हणतात, इतके मागे गेले तर अंत नाही, कागद नाहीत, खोसांच्या आधी तिथे खोई आणि सान लोक होते. खोई-सान यांचा दावा खरा आहे, आणि तोही याच तारखेने मारला आहे. कागद नाहीत म्हणता? साहेबासारखा कागद कोणी ठेवला? जाहीरनामे, गव्हर्नरांचे अहवाल, वसाहतवाल्यांच्या वाटपाच्या याद्या, सगळे दप्तरात आहे. जुना हिशेब अवघड असतो, हे आम्हाला मान्य. पण अवघड हिशेब नीट करायचा असतो, वही फाडायची नसते. भूमिहीनांना जमीन वाटण्याची वेगळी तरतूद आहे, हेही खरे. पण वाटप मागणे वेगळे आणि आपले परत मागणे वेगळे. पहिल्यात हात पसरावा लागतो.

२०१८ साली ग्रॅहॅम्सटाऊनचे नाव बदलून मखांडा केले. चांगले झाले. पण मखांडा नावाच्या पाटीसाठी लढला नव्हता. तो हाकून नेलेल्या गुरांसाठी आणि नदीपलीकडच्या रानासाठी लढला होता. नाव परत आले. रानाचे काय?