उपरोधाचे हत्यार आणि उपहासाचा हेतू

राजकीय लेखनावरून वाद उद्भवला की ‘उपहास’ आणि ‘उपरोध’ हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. इंग्रजी टीकाशास्त्रात त्यांना अनुक्रमे ‘सटायर’ आणि ‘आयर्नी’ अशा दोन स्वतंत्र संज्ञा आहेत, आणि हा भेद केवळ कोशकारांच्या सोयीचा नाही. उपरोध ही सांगण्याची रीत आहे. शब्द एक म्हणतात, आशय त्याच्या उलट असतो. संस्कृत साहित्यशास्त्रातील व्याजस्तुती याच कुळातली. उपहास हा मात्र लेखनाचा हेतू होय. दंभ आणि अन्याय यांना हास्यास्पद ठरवून त्यांची प्रतिष्ठा काढून घेणे हे त्याचे कार्य. राजा ईडिपस ज्या अपराध्याचा शोध घेतो तो अपराधी स्वतः तोच निघतो, यात दैवाचा उपरोध आहे. उपहास कोणाचाच नाही.

दोहोंचा संयोग किती भेदक ठरतो हे पाहण्यास जोनाथन स्विफ्टने १७२९ साली डब्लिनमध्ये निनावी प्रसिद्ध केलेले ‘ए मॉडेस्ट प्रपोझल’ हे चोपडे पुरेसे आहे. आयर्लंडच्या दारिद्र्यावर त्यातील प्रस्तावक एक योजना सुचवतो. गरिबांच्या घरी दरवर्षी वाढणाऱ्या १,२०,००० मुलांपैकी २०,००० प्रजननासाठी राखावीत आणि उरलेली एक लाख, वर्षाची होताच, धनिकांच्या मेजवानीसाठी विकावीत. संगोपनाचा खर्च दोन शिलिंग, किंमत दहा शिलिंग. हिशेब चोख आहे. आयर्लंडच्या जमिनीची मोजणी करणाऱ्या विल्यम पेटीने सतराव्या शतकात राज्यकारभाराला जी अंकगणिती भाषा दिली, तीच येथे तिच्या अखेरच्या टोकापर्यंत नेलेली आहे.

हा घाव गरिबांवर नाही. तो जमीनदारांवर, इंग्लंडच्या व्यापारनीतीवर, आयरिश समाजाच्या निष्क्रियतेवर आणि माणसाला जिन्नस मानणाऱ्या हिशेबी बुद्धीवर आहे. त्याची खूणही स्विफ्टने मजकुरातच ठेवली आहे. इंग्लंडमध्ये राहून आयर्लंडचा खंड खाणाऱ्या जमीनदारांवर कर बसवा, देशी कापड वापरा, कुळांवर थोडी तरी दया करा, असले उपाय कोणी सुचवू नयेत असे प्रस्तावक बजावतो. वस्तुतः ते स्विफ्टचेच उपाय होते. देशी मालाचा पुरस्कार करणारे त्याचे पत्रक १७२० मध्ये निघाले तेव्हा सरकारने मुद्रकावर खटला भरला होता. सरळ भाषा निष्फळ ठरल्यावर त्याने वाकडी भाषा उचलली.

उपरोधात धोका असतोच. डॅनियल डीफोने १७०२ मध्ये, स्वतः प्रस्थापित चर्चबाहेरचा असून, अशा पंथीयांचा नायनाट करण्याचा सल्ला देणारे पत्रक कर्मठ चर्चवाद्यांच्या सुरात लिहिले. काहींना ते खरेच वाटले. सोंग उघडकीस आल्यावर १७०३ च्या जुलैत त्याला तीन दिवस लंडनमध्ये भर चौकात खोड्यात उभे करण्यात आले. वाचकाचा कान तयार नसेल तर उपरोधकार एकाकी पडतो आणि सत्तेचे काम सोपे होते.

म्हणून अशा लेखनाविरुद्ध ओरड करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. बोलतो आहे तो लेखक की लेखकाने उभे केलेले पात्र? आणि घाव बसतो कोणावर? जो दुबळ्यावर बसतो त्याला उपहासाचा मान देण्याचे कारण नाही; ती निव्वळ टवाळी होय.

हे शिक्षण केवळ साहित्याच्या वर्गापुरते नाही. विस्थापितांची, कुपोषित बालकांची नोंद केवळ आकड्यांच्या रकान्यात करणारा अहवाल वाचून ज्याला काहीच खटकत नाही, त्याला स्विफ्टही समजला नाही. त्याचा प्रस्तावक अशा अहवालांतून आजही बोलतो. मात्र त्याच्यामागे स्विफ्ट उभा नसतो. तेथे उलट अर्थ शोधण्याची सोय नाही. जे लिहिले आहे तेच अभिप्रेत असते, आणि त्याला विरोध करण्याची जबाबदारी वाचकावर येते.