वय चौदा करण्याआधी कलम 83 वापरून बघा

नांदेड किंवा लातूरमध्ये खंजीर भोसकल्याची, रात्री गाड्या फोडल्याची, नाहीतर भर चौकात तलवारीनं केक कापल्याची बातमी येते आणि पकडलेल्यांत सोळा-सतरा वर्षांचं पोरगं निघतं. मग एक मागणी ठरलेलीच असते: अल्पवयीनाची मर्यादा 18 वरून 14 वर आणा. मागणीमागचा संताप खोटा नाही. ज्याच्या दुकानात शिरून धमकावलं जातं, ज्याची मुलगी क्लासहून परतताना छेडली जाते, त्याला बाल न्यायाचं तत्त्वज्ञान सांगून उपयोग नसतो. तरीही या मागणीचा नेम चुकतो, असं माझं ठाम मत आहे. पोराच्या हातात शस्त्र, गाडी, पुडी देणारा मोठा माणूस तिच्यातून अलगद निसटतो. त्याच्यासाठी कायद्यात कलम आहे, शिक्षा आहे, दंडही आहे. त्याविषयी मात्र कुणी मोर्चा काढत नाही.

नांदेडनं याचं सर्वांत भीषण रूप पाहिलेलं आहे. 5 एप्रिल 2022 रोजी एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोर गोळ्या घालून ठार मारण्यात आलं. तपास खंडणीच्या टोळ्यांपर्यंत आणि परदेशात दडून बसलेल्या गुंड हरविंदरसिंग रिंदापर्यंत गेला. पुढं ऑक्टोबर 2022 मध्ये दिल्ली पोलिसांच्या विशेष कक्षानं मोहालीतल्या पोलीस गुप्तवार्ता मुख्यालयावरच्या रॉकेट हल्ल्याच्या प्रकरणात एका अल्पवयीनाला पकडलं आणि नांदेडच्या खुनातही त्याचा हात असल्याचा दावा केला. हा मुलगा उत्तर प्रदेशातल्या फैजाबादचा. दावा कोर्टात टिकेल की नाही, हे कोर्ट ठरवेल. पण तो खरा धरला तर चित्र काय उभं राहतं? कुठला फैजाबाद, कुठली मोहाली आणि कुठलं नांदेड. एवढ्या लांब त्याला फिरवणारे, हत्यार पुरवणारे, लपायला खोली देणारे आणि सुपारीचा हिशेब ठेवणारे सगळे मोठे. टोळीच्या लेखी ते पोर वापरून टाकायची वस्तू होतं.

बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 83(2) मध्ये नेमकं हेच धरलेलं आहे. एखादा प्रौढ, एकटा किंवा टोळीनं, बेकायदा कामासाठी मुलांचा वापर करत असेल तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख रुपये दंड. मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणं, त्याच्याकडून ते विकवून घेणं किंवा त्यांची ने-आण करवणं यासाठी कलम 77 आणि 78. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 95 आहे: गुन्हा करण्यासाठी मुलाला कामाला लावलं तर किमान 3 आणि कमाल 10 वर्षं, आणि तो गुन्हा घडला तर त्याची शिक्षाही लावणाऱ्याला, जणू त्यानं स्वतःच केला. याहून कडक आणखी काय हवं? एप्रिल 2025 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात, रोहिणा गावी, महसूल गुप्तचर संचालनालयानं मेफेड्रोनचा कारखाना पकडला. साडेअकरा किलोच्या आसपास माल, किंमत सुमारे 17 कोटी. अटक झालेल्यांत एक पोलीस कर्मचारी होता. हा कारखाना चौदा वर्षांच्या पोरांनी उभारला नव्हता. पण असा माल शहरात उतरला की पुडी पोचवायला पोरंच शोधली जातात. त्यांच्यावर संशय कमी येतो आणि पकडलीच गेली तर मालकाचं नाव सांगण्याइतकंही त्यांना ठाऊक नसतं.

यावर पहिला आक्षेप असा: सतरा वर्षांच्या मुलाला आपण काय करतोय ते कळतं, मग त्याला मुलगा का म्हणायचं? कळतं, हे मान्यच. म्हणून तर 2012 च्या दिल्ली अत्याचारानंतर, डिसेंबर 2015 मध्ये संसदेनं कायदा बदलला. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं किमान 7 वर्षं शिक्षेचा गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासून त्याला बाल न्यायालयाकडे, प्रौढासारख्या खटल्यासाठी, पाठवू शकतं. हे दार उघडंच आहे. त्यातून कुणाला न्यायचं हे ठरवायला मानसशास्त्रज्ञाची मदत गांभीर्यानं घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये बजावलं, कारण ही तपासणी वरवर उरकायची नाही. सरसकट वय खाली आणणं म्हणजे ही तपासणीच रद्द करून खुनी आणि मोबाइलचोर एकाच तुरुंगात, एकाच भाईच्या शेजारी बसवणं. अमेरिकेनं 1990 च्या दशकात हेच मोठ्या प्रमाणावर केलं. मोठ्यांच्या कोर्टात पाठवलेली मुलं पुढं जास्त हिंसक गुन्हे करतात, असा निष्कर्ष 2007 मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, अहवालात छापून आला, आणि नंतर कित्येक राज्यांनी वयाची मर्यादा उलट वर नेली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कायदा मऊ आहे म्हणूनच टोळ्या पोरं वापरतात; तो कडक करा, टोळ्या पोरं सोडतील. तर्क बिनतोड वाटतो, पण मर्यादा 14 वर आली तर टोळीवाला काय करील? तेरा वर्षांचा शोधील. आज अकरावीतला मुलगा लागतो, उद्या सातवीतला लागेल. पोर स्वस्त आहे तोवर त्याला गिऱ्हाईक आहे. महाग करायचं तर पोर वापरणाऱ्याला कलम 83 आणि 95 खाली अडकवलं पाहिजे. हे सिद्ध करणं अवघड, असं सांगितलं जातं. असेल. पण मुलाच्या मोबाइलवरचे कॉल, यूपीआयनं आलेले पैसे, गाडीची नोंदणी, पिस्तूल कुठून आलं याचा माग, हे सगळं खंडणीच्या तपासात पोलीस काढतातच. मूल पकडलं की फाइल त्याच्यापाशी थांबते, ही खरी अडचण.

पुण्यातल्या पोर्शे अपघाताची आठवण इथं टाळता येत नाही. 19 मे 2024 च्या त्या रात्री दोन तरुण अभियंते गेले आणि गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला 300 शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला. लोक चिडले ते योग्यच, मंडळाच्या दोन सदस्यांना नंतर पदावरून दूर करण्यात आलं तेही योग्य. मात्र गाडी कुणी दिली? पबमध्ये दारू कुणी वाढली? रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपात कुणाला अटक झाली? डॉक्टरांना आणि आईवडिलांना. नोव्हेंबर 2025 मध्ये नांदेडला प्रेमसंबंधातून एका तरुणाचा खून झाला, तेव्हाही मुलीच्या वडील-भावांसोबत एक अल्पवयीन पोलिसांच्या हाती लागला. तो राग त्या घरात आधीच शिजत होता. ज्या समाजात जात आणि इज्जत ही खुनाची कारणं ठरतात, तिथं वयाचा आकडा बदलून फार काही हलत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात अल्पवयीन आरोपींविरुद्ध देशभर 30,555 गुन्हे आहेत, त्यांपैकी 4,406 एकट्या महाराष्ट्रात, देशात सर्वाधिक. हा आकडा पाहून मर्यादा खाली आणायचा मोह होतो. पण कायद्यानुसार मंडळानं चौकशी 4 महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी 2 महिने. परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपास अहवाल 15 दिवसांत यायला हवा असतो. या मुदती पाळल्या तर 'काही होत नाही' ही पोरांची खात्री बऱ्यापैकी ढळेल. शिक्षेची भीती तिच्या लांबीपेक्षा ती किती लवकर पोचते यावर जास्त अवलंबून असते.

आता टवाळखोरी. नांदेडचं वजिराबाद असो की लातूरचा ट्यूशन एरिया, बुलेटचे फटाके, शस्त्र हातात घेऊन काढलेले रील, मुलींच्या वसतिगृहासमोरचे घोळके यांना गुन्हेगारी म्हणावं की वात्रटपणा, हा पेच आहे. पोलिसांचा लोकप्रिय तोडगा म्हणजे धिंड: केस कापा, चौकातून फिरवा, माफी मागताना व्हिडिओ काढा. प्रौढांबाबतही हे कायद्यात बसत नाही, आणि मुलाची ओळख जाहीर करणं तर कलम 74 प्रमाणं गुन्हाच आहे. शिवाय त्यातून नेमकं उलटं फळ मिळतं. ब्रिटननं 1998 च्या कायद्यानं असल्या वर्तनाविरुद्ध खास बंदी-आदेश आणले. काही वर्षांतच काही पोरं ते आदेश बिल्ल्यासारखे मिरवू लागली आणि इंग्लंड-वेल्सनं 2014 च्या कायद्यानं ती पद्धत मोडीत काढली. आपल्याकडं तर आदेशाऐवजी रील मिळतं. त्यापेक्षा बाल न्याय कायद्यातच असलेली समाजसेवा, गटसमुपदेशन, पालकांकडून हमी, ही साधनं वापरा; फक्त ती निबंधासारखी पोकळ नकोत. शनिवार-रविवारी शासकीय रुग्णालयात काम, तेही परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली.

हे करायला नवा कायदा लागत नाही, माणसं लागतात. कायद्यानं प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमायचा आहे. तो बंदोबस्तात आणि मिरवणुकांत गुंतला तर कलम 83 लावणार कोण? नांदेड आणि लातूरच्या पोलीस अधीक्षकांनी मासिक गुन्हे बैठकीत ठाणेनिहाय एक रकाना वाढवावा: या महिन्यात किती अल्पवयीन पकडले, आणि त्यांना वापरणाऱ्या किती प्रौढांवर कलम 83(2) किंवा 95 लावलं. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पालकमंत्र्यांनी तो रकाना मागावा, आणि पहिल्या सहा महिन्यांत दुसऱ्या बाजूला शून्यच दिसत राहिलं, तर प्रत्येक ठाणेदाराला त्याचं लेखी कारण विचारावं.