फोटो आपले, गोदाम दुसऱ्याचे

सुरुवातीला ट्विटरवर फोटो टाकण्याची सोयच नव्हती. ती उणीव २००८ मध्ये ट्विटपिक नावाच्या बाहेरच्या सेवेने भरून काढली. फोटो तिथे चढवायचा आणि लिंक ट्विटमध्ये द्यायची. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरले, तेव्हा त्याच्या पंखांवर उभ्या असलेल्या प्रवाशांचा मोबाइलवर काढलेला फोटो याच वाटेने जगभर गेला. मग २०११ मध्ये ट्विटरने स्वतःचीच सोय आणली. ट्विटपिककडे जाण्याचे कारण उरले नाही. २०१४ मध्ये ट्रेडमार्कच्या वादात तिने दुकान बंद करण्याचे जाहीर केले. अगदी शेवटच्या घटकेला ट्विटरने ते जुने फोटो ताब्यात घेतले, म्हणून ते वाचले. ज्यांचे फोटो होते, त्यांना यात कुणी विचारले नाही.

काही मित्र म्हणतात, बाजारात असे होणारच. वापरणाऱ्याची तर सोयच झाली ना? झाली, हे मलाही मान्य आहे. पण बाहेरच्या सेवेचा हिशेब पाहा. तिची कमाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवलेल्या जाहिरातींवर. नवे फोटो मोठ्या कंपनीच्या घरात जाऊ लागले की वर्दळ आटते. जुने लाखो फोटो साठवण्याचे बिल मात्र थांबत नाही. मग कात्री चालते ती जुन्या फोटोंवर. रेडिटच्या लोकांसाठी २००९ मध्ये एका विद्यार्थ्याने इमगुर सुरू केले. २०१६ मध्ये रेडिटने स्वतःची सोय केली. इमगुर टिकले, पण २०२३ मध्ये त्याने खात्याशिवाय टाकलेले, वापरात नसलेले जुने फोटो काढून टाकण्याचा नियम केला. फोटोबकेटने तर २०१७ मध्ये दुसऱ्या साइटवर फोटो दिसण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले. रातोरात असंख्य जुन्या लेखांतली चित्रे गेली.

आज आपण मोहल्ल्यातल्या सभेचे, मोर्चाचे, रक्तदान शिबिराचे फोटो थेट इन्स्टाग्रामवर टाकतो आणि फोनमधून पुसतो. तिथे मूळ फाइल राहत नाही, दाबून लहान केलेली प्रत राहते. उद्या एखादे खाते बंद झाले, तर आपल्या दहा वर्षांच्या कामाचा पुरावा कुठे शोधायचा?

आमच्या गटात मी आग्रह धरला आहे: मूळ फोटो आधी हार्ड डिस्कवर, फाइलच्या नावात तारीख आणि ठिकाण, दुसरी प्रत दुसऱ्या कार्यकर्त्याच्या घरी, मग इन्स्टाग्राम. बॅनर आणि हारतुऱ्यांवर आपण वर्गणी खर्च करतोच. तीन-चार कार्यक्रमांचे हार वाचवले, तर एक हार्ड डिस्क येते.