पिशवी काढली, दुखणे राहिले

नाशिक जिल्ह्यातले सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे तालुके. पावसाळ्यात कोसळणारा पाऊस आणि होळी सरताच तळ गाठणाऱ्या विहिरी. हंड्यावर हंडा घेऊन डोंगर चढणाऱ्या बायकांची छायाचित्रे आम्ही वर्तमानपत्रवाले दर उन्हाळ्यात छापतो. त्यांतल्या किती जणींचे अंग बाहेर येते, हे आम्हीही कधी विचारलेले नाही. विचारले तरी सांगणार कोण? खोकले की लघवी होते, उकिडवे बसले की काहीतरी खाली उतरते, हे नवऱ्यालाही सांगायची चोरी. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हे १९८९ साली छापून आले.

गर्भाशय आणि मूत्राशय तोलून धरते ती स्नायूंची व संयोजी ऊतींची झोळी. कोलॅजेन तिला बळकटी देते, इलॅस्टिन लवचिकपणा. बाळंतपणात ती ताणते, फाटते. नंतर शरीर तिची दुरुस्ती करते. इलॅस्टिनचे धागे सांधणारे एक विकर नसलेल्या उंदराच्या माद्यांचे अंग व्यायल्यानंतर बाहेर आल्याचे प्रयोगात दिसले आहे. काही घराण्यांत ही ऊतीच नाजूक असते, पाळी गेल्यावर ती आणखी विरते. पण दुरुस्तीच्या ऐन काळात ओझे उचलायला लावणे हा काही निसर्गाचा दोष नव्हे. अंगावर पिणारे मूल घेऊन बाई नाशिकजवळच्या गिरणारेच्या मजूर बाजारात उभी राहते, कारण पहिल्या बाळंतपणाचे सरकारी पाच हजार रुपये घर चालवायला पुरत नाहीत.

मग उपाय एकच सुचवला जातो: पिशवी काढा. बीडमध्ये २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. तिथली कारणे अनेक होती, घाई मात्र हीच. पिशवी काढून झोळी शिवली जात नाही. पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरू शकतो. गर्भाशय राखून ते वर बांधण्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी गेल्या शतकातच बसवून दिली होती. जगाने त्यांचे नाव घेतले, आपण पिशव्या मोजत बसलो.

तीस वर्षांपुढील स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. त्याच टेबलावर बाईला जरा कुंथायला सांगितले, की अंग किती उतरते ते दिसते. त्याला नवे यंत्र लागत नाही. सुरुवातीला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, पुढे रिंग पेसरी, म्हणजे उतरलेल्या अंगाला आधार देणारी, योनीत बसवायची कडी. बऱ्याच जणींची शस्त्रक्रिया यावरच टळते किंवा लांबते. फिजिओथेरपी आणि नर्सिंगची महाविद्यालये ज्याला जोडलेली आहेत, ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. जिल्हा परिषदेने त्याला सोबत घ्यावे, पेसरी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावी आणि विहिरी आटण्याआधी या तीन तालुक्यांपासून तपासणी सुरू करावी.