सैतानालाही वचनं पाठ असतात

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गुडघे कुरकुरतात, डोळ्यांना फार वेळ स्क्रीन सोसवत नाही, पण आज लिहिल्याशिवाय राहवेना. काहींना राग येईल. नातेवाईकांपैकी दोघा-तिघांना तर नक्कीच येईल. येऊ द्या. चाळीस वर्षं वर्गात मुलांचा रुसवा सोसला, आता तुमचाही सोसेन.

रोज सकाळी माझ्या मोबाइलवर सात-आठ वचनं येऊन पडतात. उगवता सूर्य, गुलाबाचं फूल आणि खाली बायबलमधली एक ओळ. पाठवणाऱ्यांचा भाव चांगला असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. परवा नात्यातली एक मुलगी घरी आली. नवऱ्याची नोकरी गेलेली, घराचे हप्ते थकलेले. रडता रडता म्हणाली, "आंटी, कधी कधी वाटतं देव ऐकतच नाही." मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "असं तोंडातून काढू नये. हा संशय म्हणजे सैतान. यिर्मया २९:११ रोज अकरा वेळा म्हण." मुलगी गप्प झाली. रडू थांबलं नव्हतं, फक्त तिने ते आत ढकललं होतं.

मला राग आला तो इथे. त्या वचनाची चिठ्ठी करून औषधासारखी हातात देणाऱ्यांनी आधीचं वचन वाचलंय का? यिर्मयाने ते पत्र बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलं होतं. आणि आदल्याच ओळीत सांगितलं होतं की सुटका सत्तर वर्षांनी होईल. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण तोवर मेलेले असणार! तोवर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या परक्या शहरात पडलाय त्याचंही भलं मागा, असं त्या पत्रात आहे. मूळ पत्र धीर धरायला लावणारं, कष्टाचं. आपण त्याची लॉटरीची चिठ्ठी केली. तसंच फिलिप्पैकरांस पत्राचं. टेम्पोच्या मागे '४:१३' रंगवलेलं असतं, जणू हवं ते मिळवण्याचा परवानाच. पौल ते कैदेत असताना लिहितो, आणि म्हणतो काय, तर उपाशी राहणं आणि पोटभर जेवणं, दोन्ही आपण शिकलो. मिळवण्याविषयी त्यात अक्षर नाही.

आता मोहाकडे येते. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी आपण रानातल्या परीक्षेचं शुभवर्तमान ऐकतो. येशूने सैतानाला तिन्ही वेळा शास्त्राने उत्तर दिलं, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण सैतानानेही शास्त्रच काढलं होतं, हे किती जणांच्या लक्षात राहतं? मंदिराच्या शिखरावर नेऊन तो स्तोत्र ९१ मधलं वचन म्हणतो, तेही जवळजवळ शब्दशः. उडी टाक, देवदूत झेलतील. माझ्या वर्गात असता तर पाठांतराला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले असते! मग फरक कुठे? येशूची तिन्ही उत्तरं 'अनुवाद' या एकाच पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. लोक रानात चाळीस वर्षं भटकले, भुकेले झाले, कुरकुरले, त्याची ती आठवण आहे. तो स्वतः तेव्हा रानात होता, भुकेला होता. त्याने वचन उचललं ते त्या सगळ्या हकिकतीसकट, आणि ते स्वतःवर लावलं. सैतानाने ते दुसऱ्याला ढकलायला वापरलं. माझ्या मते सगळा भेद एवढाच आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या घरात घडलंय.

१९९० साली वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे गेलं आणि आमच्या पट्ट्यात जमिनीचे भाव बघता बघता बदलले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले होते, त्यांच्या सभांना आम्ही बायका पुढच्या रांगेत. आणि त्याच सुमारास आमच्या वाडीसाठी बिल्डरचा माणूस घरी चहाला येऊ लागला. केळी, पानवेली, विहीर आणि कडेला बावखल, अशी ती वाडी. दादाला विकायची होती. कर्ज होतं, मुलांची शिक्षणं होती, शेतीत राम उरला नव्हता, सगळं खरं होतं. पण तो हे बोलला नाही. त्याने बायबल उघडलं आणि उत्पत्तीचा बारावा अध्याय दाखवला. देवाने अब्राहामाला आपली भूमी सोडायला सांगितलं होतं, मग आपण कोण? मीही कमी नव्हते. मी लेवीयचा पंचविसावा अध्याय काढला. जमीन देवाची आहे, कायमची विकायची नाही. तो एक वचन टाकी, मी दुसरं. पत्ते कुटल्यासारखे महिनाभर आम्ही शास्त्र कुटलं.

आणि मग मी सही केली. हो, त्या कागदावर माझीही सही आहे. माझा हिस्सा मी घेतला, त्यातून मुलाच्या फ्लॅटची पहिली रक्कम भरली. लेवीय पंचवीस तेव्हा कुठे गेलं, मला विचारू नका. बावखल बुजलं, तिथे इमारत उभी राहिली. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, तेव्हा त्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या लोकांचं सामान तरंगताना पाहिलं आणि मला खाली बघावंसं वाटलं. पाण्याला जायची जागा आपणच विकली होती.

आम्ही दोघांनी जो अध्याय उघडायला हवा होता तो उघडलाच नाही. १ राजे, अध्याय २१. नाबोथाचा मळा राजा अहाबाला हवा असतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. मग राणी ईजबेल काय करते? उपास जाहीर करते! देवाची निंदा केल्याचा आरोप ठेवते, खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडांनी मारवते. जमीन लाटायला धर्माचाच आडोसा. इतका आपल्या गावचा अध्याय बायबलमध्ये असताना आम्ही सोयीची दोन वचनं घेऊन भांडत बसलो. तो पूर्ण वाचला असता तर जमीन वाचली असती असं मी म्हणत नाही. पण दादाने कर्जाबद्दल उघड बोललं असतं, आणि मी माझ्या हावेबद्दल. दादा हे वाचेलच. दादा, रागावू नकोस, माझी चूक मी आधी लिहिली आहे.

आता संशय. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्या वर्षी मला जपमाळ हातात धरवत नव्हती. भेटायला येणारे सांगत, प्रश्न विचारू नये, देवाची इच्छा. मला आधार दिला तो ईयोबाने. संबंध पुस्तकभर तो माणूस देवाला जाब विचारतो, आणि त्याचे मित्र त्याला धार्मिक, सुबक, तोंडपाठ उत्तरं देतात. शेवटी देव रागावतो कोणावर? मित्रांवर! क्रुसावर येशूने जी आरोळी मारली ती बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे, आणि ती सुरुवात म्हणजे प्रश्नच आहे. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लोक हादरले, की इतकी वर्षं त्यांच्या आत अंधार होता. मी हादरले नाही. मला हायसं वाटलं.

आणि आपल्या पंडिता रमाबाई? १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण त्रैक्यापासून कशावरही, पटेपर्यंत मान डोलावली नाही. ज्या सिस्टरांनी माया दिली त्यांच्याशीच पत्रांतून वाद घातले, तेही बायबल हातात घेऊन. पुढे त्याच बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्यापूर्वी काम हातावेगळं केलं होतं, छापून आलं १९२४ साली. संशय दाबणाऱ्याच्या हातून एवढं काम होत नाही.

मी शाळेत जाईपर्यंत आपली मिस्सा लॅटिनमध्ये होती. आई उत्तरं म्हणायची, अर्थ ठाऊक नसायचा. घरात बायबल नव्हतंच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, मराठी वेदीवर आली आणि शास्त्र वाचायला आपल्या हाती पडलं. २०१० साली फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आलं. २०२४ साली ते गेले. इतक्या जणांनी आयुष्य घालून पुस्तक आपल्या भाषेत आणून दिलं, आणि आपण त्यातून एकेक ओळ कापून फुलांच्या चित्राखाली चिकटवतो. म्हणजे पुन्हा आईच्या लॅटिनपाशीच आलो की नाही? तोंडात शब्द आहेत, अर्थाचा पत्ता नाही.

कोणी म्हणेल, टीचर, वचनाने लोक दारूतून सुटलेत. ठाऊक आहे. आमच्या आळीतला एक जण सुटला. पण त्याने एक ओळ नव्हे, स्तोत्र ५१ सबंध पाठ केलं होतं, आणि ते म्हणत तो ज्यांना फसवलं त्यांच्या दारी माफी मागायला गेला. वचनाला तलवार म्हटलंय ते खरंच आहे. फक्त तिचं टोक आधी धरणाऱ्याकडे असतं.

म्हणून माझं मागणं थोडकं आहे. वचन पाठवायचं तर पाठवा, पण आधी तो अध्याय पुढूनमागून वाचा. दुसऱ्याला सांगण्यापूर्वी स्वतःला विचारा, हे मला कुठे टोचतंय? टोचत नसेल तर चुकीचं वचन काढलंय असं समजा. आणि रडणाऱ्याला वचन देण्याआधी पाणी द्या.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. चहा केला, बँकेचे कागद मांडून बसलो, हप्त्यांचा हिशेब केला. मग ईयोबाचा तिसरा अध्याय दोघींनी मोठ्याने वाचला, ज्यात तो आपल्या जन्मदिवसाला शिव्या घालतो. तिने विचारलं, "आंटी, हे खरंच बायबलमध्ये आहे?"

आहे गं बाई. तुझ्यासाठीच आहे.

असो. गुडघे उठा म्हणतायत. भांडायचं असेल तर जरूर भांडा, फक्त अध्याय पूर्ण वाचून या.