वाचन शिकवणाऱ्यांना शिकवा

‘असर’च्या २०२४च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा आहे, पण उरलेल्यांचे काय, असे विचारले की बोट पालकांकडे किंवा मोबाइलकडे जाते. शिक्षकांना वाचन शिकवायला कोणी शिकवले, हे कोणी विचारत नाही.

वाचन कसे शिकवावे याचे संशोधन आपल्याच मातीत झाले आहे. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांचे वाचन सलग तीन वर्षे तपासले. तिसरीतही अनेक मुले साध्या शब्दांपाशी अडत होती. मुळाक्षरे संपेपर्यंत शब्द नाहीत, शब्द पक्के होईपर्यंत गोष्ट नाही, ही वर्गातली उतरंड म्हणूनच मोडायला हवी. क, म, ल आणि काना एवढे आले तरी काका, मामा, काम, कमल वाचता येते. त्याच दिवसांत गप्पा, मोठ्याने वाचलेली गोष्ट आणि मोडकेतोडके लेखनही चालायला हवे. घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलांना तर हे अधिकच गरजेचे.

आपले प्रशिक्षण मात्र राज्यातून जिल्ह्यात, तिथून तालुक्यात आणि शाळांच्या केंद्रात पाझरत येते. ‘निष्ठा’ या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचा ऑनलाइन अभ्यासक्रम प्रमाणपत्र देतो, पण सोमवारी पहिलीच्या वर्गात अडलेल्या शिक्षकाशेजारी बसत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी या गरीब राज्याने २०१३च्या कायद्यानंतर शिक्षकांना वाचनशास्त्राचे प्रशिक्षण दिले आणि निकाल कमी असलेल्या शाळांत वाचन-मार्गदर्शक पाठवले. चौथीच्या वाचनात ते राज्य देशात ४९वे होते. २०२४ मध्ये ते नववे आले. तिसरीत मुलांना मागे ठेवण्याची त्यांची तरतूद वादग्रस्त आहे, ती आपण उचलू नये. मार्गदर्शक वर्गात पाठवण्याची रीत मात्र जरूर उचलावी.

त्यासाठी नवे खाते नको. केंद्रप्रमुखांना माहिती भरण्याच्या कामातून सोडवा, आधी त्यांनाच वाचन शिकवण्यात तरबेज करा आणि वर्गात बसवा. मुलांना तिसरीपर्यंत वाचता यावे यासाठीच्या ‘निपुण भारत’ अभियानाची मुदत २०२६-२७ची आहे. तोवर आणखी एक प्रमाणपत्र वाटून काहीही साधणार नाही.